कुंपणावरचं द्राक्षकुळ

ऐरोलीत खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की नजर थेट लांब जाते. समोर ठाणे खाडीचं पाणी, पलीकडे भांडुप-मुलुंडच्या इमारती, मध्ये तिवरांचा हिरवा पट्टा आणि हिवाळ्यात चिखलावर उतरलेले फ्लेमिंगो. या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली तिचं नाव रामसर यादीत गेलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात येणारी मंडळी पक्षी बघतात, तिवर, कांदळ, चिपी, मारांडी ही नावं शिकतात आणि समाधानाने घरी जातात. पण पाण्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या जाळीवर, भरावाच्या उतारावर आणि तिवरांच्या कडेच्या फांद्यांवर एक वेल पसरलेली असते. तिच्यापाशी कुणी थांबत नाही. थांबावं, असं मला फार वाटतं. कारण नाशिकच्या द्राक्षबागेत काय घडतं, हे समजून घ्यायला ही वेल चांगली सुरुवात आहे.

तिचं नाव आंबटवेल. शास्त्रीय नाव आजच्या हिशेबात कॉझोनिस ट्रायफोलिया. जुन्या पुस्तकांत ती कायरेशिया ट्रायफोलिया म्हणून सापडते, त्याहून जुन्या पुस्तकांत व्हायटिस कार्नोझा म्हणून, आणि लिनियसने १७५३ साली तिला पहिलं नाव दिलं ते व्हायटिस ट्रायफोलिया. व्हायटिस म्हणजे द्राक्षाची प्रजाती. म्हणजे पानं तीन-तीनच्या जुडीने आलेली असूनही लिनियसने तिला सरळ द्राक्षातच बसवलं होतं. पुढे अभ्यासकांनी द्राक्ष वेगळं काढलं, हिला वेगळी प्रजाती दिली, पण कुळ तेच राहिलं: व्हायटेसी, द्राक्षकुळ. या कुळात नऊशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या आहेत. आपण खातो ते द्राक्ष ज्या प्रजातीतलं, ती मुख्यतः उत्तरेकडच्या थंड-समशीतोष्ण पट्ट्यातली. तेव्हा मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत कुळाचा खरा चेहरा पाहायचा तर तो आंबटवेलीतच पाहावा.

ओळखायला ती सोपी आहे. पाऊस स्थिरावला की जमिनीखालच्या मांसल मुळातून नवे कोंब येतात आणि भराभर चढतात. पान तीन पर्णिकांचं, मधली पर्णिका मोठी, कडा बोथट दातेरी. पान जरा जाडसर, रसाळ. कोवळं खोड गुबगुबीत, बोटाने दाबलं तर सहज मोडेल असं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पसरट, चपट्या माथ्याचे फुलोरे येतात. फुलं हिरवट-पांढरी आणि इतकी लहान की भिंगाशिवाय त्यांचा तपशील कळत नाही. भिंग मात्र जरूर लावावं. चार पाकळ्या, चार पुंकेसर, आणि प्रत्येक पुंकेसर पाकळीच्या बरोबर समोर उभा. बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेत येतात. द्राक्षकुळात ते पाकळीसमोर येतात. मध्यभागी मधुरसाची चकती असते, तिच्यासाठी मुंग्या, गांधीलमाश्या आणि लहान मधमाश्या येत राहतात. फळं छोटी, गोल, किंचित दबलेली. आधी हिरवी आणि पिकल्यावर काळी-जांभळी. द्राक्षाच्या लहानशा मण्यासारखीच दिसतात, पण ती तोंडात टाकू नयेत. का, ते पुढे येईलच.

तीन पर्णिकांच्या पानामुळे नवख्या माणसाची एक गफलत होऊ शकते. पावसाळ्यात याच कुंपणांवर खाजकुइलीही चढते आणि तिचंही पान तीन पर्णिकांचं असतं. खाजकुइली शेंगावर्गातली. तिच्या पर्णिकांना दाते नसतात आणि ती स्वतःच्या खोडाने आधाराला पिळे घालत चढते. आंबटवेल पिळे घालत नाही. तिच्याकडे ताणे आहेत.

या ताण्यापाशीच खरी गोष्ट सुरू होते. ताणे अनेक वेलींना असतात, पण ते कुठून निघतात हे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. परसात वाटाणा लावला असेल तर त्याचा ताणा पानाच्या टोकाला असतो. म्हणजे पानाचाच शेंडा ताणा झालेला आहे. कारलं, पडवळ, काकडी यांचा ताणा देठाच्या शेजारून, पेराच्या एका बाजूने निघतो. कृष्णकमळाचा ताणा पानाच्या बगलेतून येतो. द्राक्षकुळातल्या वेलीचा ताणा मात्र पानाच्या समोरच्या बाजूला असतो: पेराच्या एका अंगाला पान, दुसऱ्या अंगाला ताणा. जाळीवर हात ठेवून एकेक पेर तपासत गेलं की हे लगेच दिसतं. आंबटवेलीचा ताणा पुढे फाटे फोडतो आणि प्रत्येक फाटा स्वतंत्रपणे आधार शोधतो.

पानासमोर काहीही उगवणं ही वनस्पतींत विचित्र गोष्ट आहे. फांदी पानाच्या बगलेतून यावी, फूल बगलेतून किंवा शेंड्यावर यावं, असा सर्वसाधारण नियम. मग हा ताणा मुळात कोणता अवयव? पान, फांदी, की आणखी काही?

चार्ल्स डार्विनने या प्रश्नात बराच वेळ घातला. चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवरचा त्याचा दीर्घ निबंध १८६५ साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि १८७५ साली तो सुधारून पुस्तकरूपाने निघाला. त्यात त्याने द्राक्षाच्या वेलीवर पूर्ण ताण्यापासून पूर्ण घडापर्यंतच्या मधल्या सगळ्या पायऱ्या नोंदवल्या आहेत: ताण्यावर एखाद-दुसरी फुलं, अर्धा घड नि अर्धा ताणा, घडाच्याच देठातून निघालेला एखादा ताणा. निष्कर्ष सरळ होता. द्राक्षाचा ताणा म्हणजे रूप पालटलेला फुलोरा.

लंडनजवळच्या घरात बसून डार्विनने जे लिहिलं, ते नाशिक-सांगलीचा कोणताही द्राक्ष बागायतदार वेगळ्या शब्दांत सांगेल. त्याच्यासाठी तो वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे. फळछाटणीनंतर डोळे फुटतात, कोवळ्या फुटीवर घड दिसायला हवा, आणि कधी कधी दिसते ती बाळी. बाळी म्हणजे ताणा. घड जिरला, घडाची बाळी झाली, हे शब्द बागेत धसका घेऊन बोलले जातात. पूर्ण घड आणि पूर्ण बाळी यांच्या मधला, धड ना इकडचा धड ना तिकडचा असा आखूड घड दिसला तर त्याला गोळी घड म्हणतात. डार्विनने टिपलेल्या मधल्या पायऱ्या त्या याच.

हे ठरतं कधी, तेही बागायतदाराला पक्कं माहीत असतं. महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात घडत असतो. त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. या काळात डोळ्याच्या आत, पेराच्या एका अंगाला, पेशींचा एक बारीकसा उंचवटा तयार होतो आणि त्याचं भवितव्य अजून ठरलेलं नसतं. भरपूर ऊन, पुरेशी उष्णता आणि काडीत अन्नसाठा असेल तर तो उंचवटा पुन्हापुन्हा फाटे फोडतो आणि घड बनतो. आभाळ झाकोळलेलं राहिलं, पानांची दाटी झाली, पाणी आणि नत्र जास्त होऊन वाढ बेफाम झाली, तर तोच उंचवटा दोन-तीन फाट्यांवर थांबतो आणि बाळी बनतो. मे महिन्यातल्या ढगाळ हवेचा हिशेब ऑक्टोबरनंतर चुकता होतो तो असा.

वनस्पतीच्या आत हा निर्णय संप्रेरकांच्या तोलावर होतो. १९७८ साली श्रीनिवासन आणि मलिन्स या दोन संशोधकांनी द्राक्षाचे ताणे वेलीपासून वेगळे करून काचपात्रात वाढवले आणि सायटोकायनिन गटातली संप्रेरकं दिल्यावर त्या ताण्यांचे फुलोरे झाले. डार्विनचं निरीक्षण प्रयोगाने इतकं थेट सिद्ध झालेलं पाहून आजही अंगावर रोमांच येतात. मग २००२ साली बॉस आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. शॅम्पेनसाठी वापरलं जाणारं पिनो म्युनिए हे द्राक्ष दोन जनुकीय घडणींच्या पेशींचं मिश्रण आहे; त्याच्या फक्त बाहेरच्या थरात एक उत्परिवर्तन आहे. त्या थराच्या पेशींपासून त्यांनी पूर्ण झाड वाढवलं, तेव्हा ते खुजं निघालं आणि त्याच्यावर जिथे जिथे ताणा यायला हवा होता तिथे तिथे घड आले. उत्परिवर्तन होतं ते जिबरेलिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकात. जिबरेलिनचा हुकूम त्या झाडाला ऐकूच येत नव्हता, म्हणून ताणा बनत नव्हता.

बागायतदाराच्या खोलीत जीएची पुडी असते, ती हेच जिबरेलिक आम्ल. घड दिसल्यानंतर तो लांब करायला आणि मण्यांची फुगवण करायला ते वापरतात. सूक्ष्मघडनिर्मितीच्या काळात मात्र त्याच संप्रेरकाचा जोर कमी करायचा असतो, म्हणून तेव्हा वाढ रोखणारं लिहोसिन आणि सायटोकायनिन गटातलं सिक्स-बीए वापरण्याची पद्धत आहे. एकच रसायन एका महिन्यात नुकसान करतं आणि दुसऱ्या महिन्यात भाव मिळवून देतं. द्राक्षशेतीतलं हे ज्ञान किती बारीक आहे, याची शहरातल्या ग्राहकाला कल्पना नसते.

ऐरोलीच्या कुंपणावरच्या आंबटवेलीत ताणा आणि फुलोरा यांचं हे नातं चटकन दिसत नाही, कारण तिचा फुलोरा पानाच्या बगलेतून आल्यासारखा दिसतो. तो बगलेतल्या आखूड फांदीवर येतो. पण याच कुळातली एक रानवेल हे नातं उघड करते. गोलिंदा, म्हणजेच रानद्राक्ष, शास्त्रीय नाव अँपेलोसिसस लॅटिफोलिया. सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांत पावसाळ्यात तिची रुंद, हृदयाच्या आकाराची, उथळ खाचांची पानं झाडांवर पसरलेली दिसतात. तिच्या फुलोऱ्याच्या देठातूनच एक ताणा निघतो. एकाच दांड्याचा एक फाटा तांबूस फुलांचा गुच्छ धरून आहे आणि दुसरा शेजारच्या फांदीला विळखा घालून आहे. घड आणि बाळी एकत्र, आणि तेही नेहमीचंच. पावसाळ्यात सहलीला गेलात तर धबधब्याचा फोटो काढून झाल्यावर एवढं जरूर पाहा.

आता आंबटपणाकडे. आंबटवेलीच्या पानात ऑक्सॅलिक आम्ल आणि त्याचे क्षार असतात. कॅल्शियम ऑक्सॅलेट तर सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या करून पेशींत साठवलेलं असतं आणि हे द्राक्षकुळाचं लक्षणच आहे. अळू खाजरं निघालं की घसा धरतो, ते याच सुयांमुळे. आंबटवेलीचं कच्चं फळ किंवा पान खाल्लं की तोंड आणि घसा खवखवतो, कातडीलाही कधी कधी खाज सुटते. म्हणून वर म्हटलं की फळं द्राक्षासारखी दिसली तरी तोंडात घालू नयेत, विशेषतः लहान मुलांना हे नीट सांगून ठेवावं. जुन्या औषधी ग्रंथांत बैलांच्या मानेवर जोखडाने झालेल्या जखमांना हिच्या पानांचा लेप लावल्याची नोंद आहे. पोटात घेण्यासारखी ही वेल नव्हे.

या ऑक्सॅलेटचा आणखी एक उपयोग जपानमध्ये उघडकीला आला आणि त्याची गोष्ट ताण्यापाशीच परत येते. आंबटवेलीची एक अगदी जवळची बहीण, कायरेशिया जपोनिका, जपानमध्ये कुंपणांवर आणि पडीक जागांवर माजते. युया फुकानो या संशोधकाला प्रश्न पडला की ताणा ज्याला शिवेल त्याला विळखा घालतो, तर मग तो आपल्याच वेलीच्या पानांना का गुंडाळत नाही? आपल्याच पानाला आपणच विळखा घालण्यात वेलीचा काही फायदा नाही, उलट वर चढणं थांबतं. २०१५ साली फुकानो आणि यामावो यांनी दाखवलं की ताणे स्वतःच्याच वेलीच्या खोडांना विळखा घालायचं टाळतात. दोन खोडांमधलं जमिनीखालचं नातं तोडलं, तर हा फरक पुसट होतो. मग २०१७ साली फुकानोने पानांचा माग काढला. स्वजातीच्या पानांना ताणे टाळतात, परजातीच्या पानांना विळखा घालतात. ऑक्सॅलेट भरपूर असलेल्या दुसऱ्या वनस्पती समोर ठेवल्या तर त्याही टाळतात. शेवटी प्लॅस्टिकच्या काड्यांना ऑक्सॅलेट फासून ठेवलं, तेव्हा ताण्यांनी त्या काड्याही टाळल्या. म्हणजे ताणा स्पर्शाबरोबर चवही घेतो आणि ती चव आपल्या कुळाची निघाली तर पुढे सरकतो.

मेंदू नाही, मज्जासंस्था नाही, आणि तरी शिवलेल्या वस्तूच्या रसायनावरून धरायचं की सोडायचं हा निवाडा. हा प्रयोग आपल्या आंबटवेलीवर करायला फार सामग्री लागत नाही. खाडीकाठच्या एखाद्या महाविद्यालयाने पावसाळ्यात बांबूच्या काड्या आणि नोंदवही घेऊन तो करून पाहावा. जपानी बहिणीत जे दिसलं ते इथल्या वेलीत तसंच दिसतं का, हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला शोभणारा प्रश्न आहे.

वेल जगते तरी कशी, याचंही उत्तर ताण्यातच आहे. झाडाला स्वतःचं वजन पेलायला लाकूड तयार करावं लागतं. वेल तो खर्च वाचवते आणि सगळी कमाई लांबीत घालते. तिचं खोड बारीक, पण त्यातल्या जलवाहिन्या रुंद असतात, म्हणून इतक्या बारीक खोडातून इतक्या पानांना पाणी पुरतं. द्राक्षाच्या छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी टपकताना दिसतं, ते मुळांच्या दाबाने याच रुंद नळ्यांतून वर चढलेलं पाणी. लाकूड नसल्याची किंमतही असते: आधार नसला तर वेल जमिनीवर पडून राहते आणि सावलीत तिचं भागत नाही. तिला कडा हवी असते, जिथे एका बाजूला आधार आहे आणि दुसऱ्या बाजूला मोकळं ऊन.

आणि ऐरोलीत कडांना तोटा नाही. ठाणे-बेलापूर रस्ता, औद्योगिक पट्टा, उन्नत मार्ग, १९९९ साली सुरू झालेला ऐरोली-मुलुंड पूल, आणि या सगळ्यांभोवतीचा भराव. कांदळवनाच्या आत, जिथे भरतीचं खारं पाणी रोज फिरतं, तिथे आंबटवेल मूळ धरत नाही. तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्याला ते खारेपण झेपतं. आंबटवेलीकडे तसली सोय नाही. तिचं मूळ असतं उंचवट्यावर, बांधावर, टाकलेल्या राडारोड्यावर, आणि तिथून ती कडेच्या तिवरांवर शेंडे फेकते. कांदळवनाच्या कडेला ही वेल दाट दिसली, तर तिथली जमीन बहुधा भरतीरेषेच्या वर उचलली गेली आहे, असं खुशाल समजावं.

तिवरांवर वेल चढलेली पाहून ती ओढून काढायचा मोह होतो, आणि स्वच्छता मोहिमांत उत्साही मंडळी तसं करतातही. माझं मत वेगळं आहे. एखादं कोवळं रोपटं वेलीखाली गुदमरत असेल तर ती जरूर दूर करावी. पण वरची वेल ओढली तरी खालचं मांसल मूळ शाबूत राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा कोंब येतात. त्या कडेवर राडारोडा येत राहिला तर वेलीला जागा वाढतच जाणार. शिवाय ओळख न पटवता सगळ्या वेली एका मापाने मोजू नयेत. कांदळवनात डेरिस नावाची शेंगावर्गातली वेलही चढते. ती खारं पाणी चांगलं सोसते, म्हणून थेट आतपर्यंत शिरते. तिचं व्यवस्थापन हा वेगळा विषय आहे. आंबटवेल मुळात इथलीच. भारतापासून आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ती नैसर्गिकरीत्या आढळते, आणि तिच्यावर अवलंबून असणारेही इथलेच. हॉकमॉथ पतंगांच्या थेरेट्रा आणि हिपोटियन या प्रजातींच्या काही अळ्या द्राक्षकुळाच्या पानांवर वाढतात. जाडजूड, शेपटीला काट्यासारखं शिंग, अंगावर डोळ्यासारखे ठिपके; डिवचलं की पुढचा भाग फुगवून लहानशा सापाचा आव आणतात. संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पिणारे पतंग त्यांच्यातूनच निघतात.

कोवळ्या शेंड्यावर कधी कधी साबुदाण्याहून लहान, चमकदार, पारदर्शक थेंब दिसतात. नवख्या बागायतदाराला द्राक्षावर ते दिसले की किडीची अंडी वाटतात आणि हात फवारणीकडे जातो. ती अंडी नव्हेत. वेलीने स्वतः तयार केलेल्या त्या मौक्तिक ग्रंथी आहेत आणि त्या तेल-साखरेने भरलेल्या असतात. जपानी बहिणीवरच्या अभ्यासात असं दिसलं आहे की कोळीवर्गातले सूक्ष्म भक्षक त्या खाऊन टिकून राहतात. म्हणजे वेलीने राखणदारांना पोसायची तजवीज केलेली असते.

कुळातल्या इतर मंडळींपैकी दोघांचा उल्लेख केलाच पाहिजे. पहिली कांडवेल, म्हणजे हाडजोडी. खोड चौकोनी, पेरापेरांचं, हिरवं; पानं थोडी आणि लवकर गळणारी. कोरड्या, खडकाळ जागी ती तग धरते, कारण तिचं खोड पर्णरंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न करतं. निवडुंगाची ही युक्ती द्राक्षाच्या नातलगाकडे आहे. दुसरा दिंडा. तो वेल नाहीच. सरळ उभं राहणारं मोठ्या पानांचं झुडूप, ताणे अजिबात नाहीत. पूर्वी त्याचं कुळ वेगळं धरत, आता त्याला द्राक्षकुळात घेतलं आहे. वंशवृक्षावर तो इतर सगळ्यांपासून पहिल्यांदा फुटलेल्या शाखेवर बसतो. म्हणजे कुळाच्या त्या शाखेने ताण्याची वाट धरली नाही आणि बाकीच्यांनी फुलोऱ्यातून ताणा घडवून सगळी जंगलं काबीज केली.

हे कुळ किती जुनं, याचा सर्वात जुना पुरावा आपल्या अगदी जवळ निघाला. द्राक्षकुळाचं बी ओळखायला सोपं असतं. बियांची काळी द्राक्षं खाताना एक बी धुऊन पाहावं: पोटाच्या बाजूला दोन लांबट खाचा आणि पाठीवर एक गोलसर ठसा. ही जोडी दुसऱ्या कुठल्या कुळात अशी सापडत नाही, आणि आंबटवेलीच्या पिकल्या फळातलं बी सोललं तरी ती दिसते. मध्य भारतात दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांच्या मधे, त्या काळच्या तळ्यांच्या गाळात गारगोटीसारखा चर्ट दगड तयार झाला आणि त्यात फळं-बिया पेशींसकट टिकून राहिल्या. त्यांतली काही छोटी फळं स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि जून वेन यांनी तपासली, तेव्हा आतल्या बियांना त्याच दोन खाचा आणि पाठीवर तोच ठसा होता. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. २०१३ साली त्यांनी या फळाला इंडोव्हायटिस चितळेयी असं नाव दिलं, ते नागपुरात जीवाश्मांचा अभ्यास करून पुढे अमेरिकेत गेलेल्या श्यामला चितळे यांच्या सन्मानार्थ. द्राक्षकुळाची याहून जुनी फळं तोवर जगात कुठे सापडलेली नव्हती.

त्यानंतर २०२४ साली फॅबियानी हेरेरा आणि सहकाऱ्यांनी कोलंबियातून ६ कोटी वर्षांपूर्वीचं द्राक्षकुळाचं बी प्रसिद्ध केलं आणि त्याचं नाव लिथूव्हा ठेवलं. त्यांची मांडणी अशी की मोठे डायनासोर होते तोवर ते झाडं मोडत, तुडवत जंगल विरळ ठेवत. ते संपल्यावर उष्ण प्रदेशातली जंगलं दाट झाली आणि चढण्यासाठी आधार मिळाल्याने वेलींना बरकत आली. इंडोव्हायटिस बरोबर त्या उलथापालथीच्या उंबरठ्यावरचं आहे, आणि ज्या लाव्हाच्या थरांमध्ये ते सापडलं, त्याच दख्खनच्या लाव्हाचा पारसिकचा डोंगर ऐरोलीच्या पूर्वेला उभा आहे. मात्र वनस्पतींचे असे जीवाश्म मिळतात ते नागपूर-छिंदवाड्याकडच्या चर्टमध्ये. तिथे अजून कितीतरी दगड फोडून, घासून, भिंगाखाली धरायचे बाकी आहेत.